पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण बहुधा मूल मोठे झाल्यानंतरच आठवते, हे मात्र कोणी सांगत नाही. ज्याचे भाग्य उजळले त्याच्या पाळण्यातील पायांच्या आठवणी घरात जपल्या जातात. ज्याचे उजळले नाही त्याचे पाय पाळण्यात कसे दिसत होते, याची चौकशी होत नाही. अपूर्ण वस्तूविषयी पूर्ण निर्णय देण्याचा अधिकार माणसास कितपत आहे, हा प्रश्न त्यामुळे म्हणीआड दडून राहतो. फ्रान्समधील बोर्दो परिसरात तो दर वसंतात उघडपणे उभा राहतो आणि त्याच्या उत्तरावर मोठमोठे व्यवहार ठरतात. म्हणून तेथील कोवळ्या तांबड्या वाइनच्या परीक्षेचा विचार येथे करावा, असे आम्ही योजिले आहे.

बोर्दोची द्राक्षे साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरात खुडली जातात. रस आंबून वाइन होते आणि ती 225 लिटरांच्या ओक लाकडाच्या पिंपांत मुरत ठेवतात. उत्तम प्रतीची वाइन बाटलीत भरली जाते ती बहुधा सुगीनंतर दीड-दोन वर्षांनी. परंतु ती जेमतेम सहा महिन्यांची असतानाच देशोदेशींचे व्यापारी आणि समीक्षक तेथे जमतात, पिंपांतील नमुने चाखतात, आणि बाटली दृष्टीसही पडली नसता माल विकला जातो. या पद्धतीस 'आँ प्रिमर' असे नाव आहे. ज्यांस मद्य वर्ज्य आहे अशा वाचकांनी येथे बिचकण्याचे कारण नाही. हे परीक्षक एका दिवसात डझनावारी नमुने तोंडात घेतात, घोळवतात आणि थुंकून टाकतात. ज्याचा न्याय करावयाचा त्याची नशा न्यायकर्त्यास चढू नये, एवढा विवेक या धंद्याने पाळला आहे.

घोट तोंडात घेताच पहिली जाणीव होते ती तुरटपणाची. हिरडा चघळल्यावर किंवा दूध न घातलेला कडक चहा प्यायल्यावर जीभ जशी आखडते, तशीच ही जाणीव असते. तिचे मूळ टॅनिन या द्रव्यात आहे. द्राक्षाची साल, बी आणि ओकचे लाकूड या तिन्हींतून ते वाइनमध्ये उतरते. वर्षे लोटतात तसे टॅनिनचे रूप पालटते, त्याचा काही भाग गाळ होऊन तळाशी बसतो आणि चव निवळते. जांभळट रंग विटकरी होतो. ताज्या फळाच्या वासाची जागा कातडे, तंबाखू, ओली माती यांची आठवण देणारे गंध घेतात. तेव्हा कोवळेपणातील कडवटपणा हा अपराध नव्हे. कैरी आंबट म्हणून तिला कोणी नासकी म्हणत नाही. पण कैरीलाही कीड लागते. नमुन्यास शिरक्याचा किंवा तबेल्याचा उग्र दर्प येत असेल, तर तो वयाने जाण्यासारखा नसतो. अपक्वता कोणती आणि दोष कोणता, हे ओळखणे हे परीक्षकाचे पहिले कर्तव्य होय.

त्यातही ही वाइन बहुधा एका जातीच्या द्राक्षांची नसते. मेदॉक भागात काबेर्ने सोव्हिन्याँ प्रमुख असते, तर पोमेरोल व सेंत-एमिलियाँ येथे मेर्लो. काबेर्ने हाडे देते, मेर्लो मांस देते. काबेर्ने फ्राँ सुगंधाची भर घालते आणि पेती व्हर्दो थोड्या प्रमाणात रंग व तिखटपणा देते. या जाती वेगवेगळ्या वेळी पिकतात, म्हणून एकीस झोडपणारा पाऊस दुसरीस कदाचित वगळून जातो. मिश्रणात चवीइतकाच हा शेतकरी शहाणपणाही आहे. तथापि वसंतात ही मंडळी नुकतीच एका घरात नांदावयास आलेली असतात. त्यांची भांडणे अजून मिटलेली नसतात; आणि अखेरच्या बाटलीत त्यांचे प्रमाण नमुन्यातल्याप्रमाणेच राहील, अशीही खात्री नसते. परीक्षकापुढे असतो तो संसार नव्हे, संसाराचा संकल्प.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने 1757 साली अभिरुचीच्या निकषांवर निबंध लिहिला. त्यात त्याने 'डॉन किहोते' या कादंबरीतील सांको पान्साच्या दोन नातलगांची गोष्ट घेतली आहे. एका पिंपातील वाइन चाखून एकाने तिला चामड्याची चव असल्याचे सांगितले, दुसऱ्याने लोखंडाची. लोक हसले. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडली. सूक्ष्म रसनेचे म्हणणे पुराव्याने खरे ठरू शकते, असा ह्यूमचा आशय. तो आम्हांस मान्य आहे; पण कोवळ्या वाइनच्या बाबतीत तो अर्धाच लागू पडतो, असे आम्हांस वाटते. दोष ही पिंपातली किल्ली आहे. ती आज तेथे आहे आणि शोधल्यास सापडेल. भवितव्य मात्र पिंपाच्या तळाशी नसते. ते पुढील वीस वर्षांत, तळघराच्या गारव्यात आणि सांभाळणाऱ्याच्या हातांत विखुरलेले असते. दोन्हींविषयी एकाच खात्रीच्या सुरात बोलणे हा परीक्षकाचा खरा प्रमाद होय.

याची साक्ष बोर्दोच्याच दोन वर्षांनी दिली आहे. 1975 सालच्या वाइन कठोर आणि तुरट होत्या. अनेकांनी त्या कठोरपणातच दीर्घायुष्याची खूण पाहिली. पुढे त्यांतील पुष्कळांचा तुरटपणा निवळलाच नाही आणि फळाचा स्वाद मात्र आधी ओसरला. 1982 सालच्या वाइन कोवळेपणीच मऊ आणि भरघोस लागल्या. म्हणून त्या टिकणार नाहीत, असे काही जाणत्यांस वाटले. रॉबर्ट पार्कर या अमेरिकन वकिलाने मात्र त्यांची निःसंकोच थोरवी गायिली, आणि काळाने बऱ्याच अंशी त्याचा पक्ष घेतला. एकदा खाष्टपणास कर्तृत्व मानले गेले, एकदा सौम्यतेस दुबळेपणा. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करीत नाही काय?

पार्करच्या यशाबरोबर त्याची 100 गुणांची मोजपट्टीही जगभर पसरली, आणि येथे प्रश्नास नवे वळण लागते. गुणांचा आकडा किंमत चढवू वा उतरवू लागला; तो मिळावा म्हणून काही उत्पादकांनी वाइनचे स्वरूपच बदलले, असा आक्षेपही घेतला गेला. वजनाचा काटा धान्यास जड वा हलके करीत नाही. हा आकडा मात्र ज्याचे मोजमाप करतो त्याचे भवितव्यही घडवितो. आणि परीक्षकाची जीभ तरी निर्लेप असते काय? बोर्दो येथील ज्या प्रयोगाचा निष्कर्ष 2001 साली प्रसिद्ध झाला, त्यात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन तांबडा रंग मिसळून दिली होती. तिचे वर्णन त्यांनी तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. रंगाने इतके होते, तर पिंपावरील प्रतिष्ठित नावाने काय होत नसेल!

सरकारी नोकरीत दिवस काढणाऱ्या आम्हां मंडळींस हा विषय परका वाटू नये. परिवीक्षेवरील उमेदवाराविषयी वरिष्ठ लिहितो तो शेराही सहा महिन्यांच्या पिंपातला घोटच असतो. एके काळी प्रतिकूल तेवढेच शेरे कळविले जात. बाकीच्यांचा पत्ता संबंधितास नसे. 2008 साली देवदत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा संबंधितास कळविला पाहिजे असे ठरविले, आणि 2009 साली केंद्र सरकारने संपूर्ण अहवाल दाखवून त्यावर म्हणणे मांडू देण्याचा आदेश काढला. वाइनला म्हणणे मांडता येत नाही. माणसास ते येते, एवढा फरक न्यायाने मान्य केला.

यावर कोणी म्हणेल की, मग निर्णय देऊच नये, काळ ठरवील. हा मार्ग नम्र दिसतो, पण सोयीचाही असतो. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये नावे झाकून घेतलेल्या परीक्षेत फ्रेंच परीक्षकांनीच तांबड्या वाइनमध्ये कॅलिफोर्नियाच्या एका वाइनला पहिला क्रमांक दिला. आमच्या वाइन सावकाश पिकतात, थोडे थांबा, असे फ्रेंच पक्षाचे समर्थन झाले. तीस वर्षांनी, 2006 साली, त्याच तांबड्या वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाने घेतले. थांबण्याचा सल्ला कधी विवेकाचा असतो, तर कधी हार न मानण्याचा. शिवाय विकत घेणाऱ्यास आज घ्यावयाचे असते आणि नेमणाऱ्यास आज नेमावयाचे असते. निर्णय टाळणे म्हणजे तो नशिबाकडे सोपविणे, आणि नशीब परीक्षकाहून अधिक न्यायी असल्याचा पुरावा नाही.

तेव्हा निर्णय द्यावा. पण तो कसा द्यावा, हे त्याच बोर्दोत शिकता येते. तेथील सावध समीक्षक पिंपातील नमुन्यास एकच आकडा न देता दोन आकड्यांमधील अंतर देतात आणि बाटली भरल्यावर तीच वाइन पुन्हा चाखून आपला आधीचा अभिप्राय कायम करतात किंवा बदलतात. दोषाविषयी स्पष्ट बोलावे, कारण तो आज आहे. आशेविषयी सैल बोलावे, कारण ती उद्याची आहे. आणि आपल्या शब्दाखाली सही करून पुन्हा चाखावयास यावे. यांतील तिसरे कलम सर्वांत अवघड आहे. पाळण्यात पाय पाहून भविष्य सांगणारे पुष्कळ असतात. ते मूल चालू लागल्यावर पुन्हा त्या घरी जाऊन पाहणारे थोडे. आम्हांस वाटते, परीक्षा करण्याचा अधिकार त्या थोड्यांचाच आहे.