ओळख कोणाची?

जालना जिल्ह्यातील राजूर हे गणपतीचे प्रसिद्ध क्षेत्र. चतुर्थीला तेथे येणाऱ्या भाविकांकडे कोणी ओळखीचा कागद मागत नाही. परंतु याच जिल्ह्यातील एखादे कुटुंब पोटासाठी ऊसतोडीला बाहेर पडले, म्हणजे ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न पदोपदी आडवा येतो. पूर्वी शिधापत्रिका गावच्या दुकानाशी बांधलेली असे; माणूस हलला तरी त्याच्या वाट्याचे धान्य हलत नसे.

ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरात यांनी परस्परांच्या शिधापत्रिका मान्य करण्यास आरंभ केला, आणि २०२२ पर्यंत सर्व राज्ये ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या योजनेत आली. आता प्राधान्य कुटुंबातील मुलाने आपल्या वाट्याचे पाच किलो धान्य परगावी घ्यावे व घरी राहिलेल्या आईने आपले गावात घ्यावे, अशी सोय आहे. एका राज्याच्या संगणकाने दुसऱ्याची नोंद ओळखली आणि स्थलांतरिताच्या ताटात भाकरी आली. या कार्याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

तथापि दोन शंका मनात राहतात. जी नोंद सर्वत्र पोहोचते, ती कोणाला काय सांगते? धान्य देणाऱ्याला हक्काची खात्री पुरे. माणसाचे आजार आणि कर्ज त्याला कळण्याचे कारण नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे. आपली माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क युरोपात २०१८ पासून व्यक्तीला आहे; आपल्या २०२३ च्या कायद्यात मात्र तो नाही. म्हणजे नोंदी फिरतात, पण त्या फिरवण्याचा अधिकार ज्याची ओळख त्याच्या हाती नाही.

दुसरी शंका अधिक बोचरी आहे. कोयता धरून झिजलेला अंगठा यंत्राने ओळखला नाही, तर त्या माणसाने कोठे जावे?

ख्रिस्तसभेला हा प्रश्न नवा नाही. त्रेंत धर्मसभेने १५६३ मध्ये विवाह व स्नानसंस्कार यांच्या नोंदवह्या ठेवण्यास सांगितले. आजही आपला विवाह दूरच्या धर्मग्रामात झाला तरी त्याची नोंद स्नानसंस्काराच्या मूळ वहीत होते, आणि तेथील दाखला जगातील कोणत्याही धर्मग्रामात चालतो. पण ती वही वाळवीने खाल्ली तर? धर्मसंहितेच्या ८७६ व्या कलमानुसार, कोणाचे नुकसान होत नसेल, तर एका निःसंशय विश्वासू साक्षीदाराचा शब्द पुरतो. प्रौढपणी स्नानसंस्कार घेतलेल्याची स्वतःची शपथही पुरते.

आमच्या मते या कलमात मोठे शहाणपण आहे. नोंद माणसाच्या सोयीसाठी असते, आणि ती चुकली तर माणसाच्या शब्दाला जागा उरली पाहिजे. संगणकाच्या कोणत्याही व्यवस्थेत असे एक दार उघडे असावे. आपल्या धर्मग्रामात परगावचे मजूर कुटुंब आले, तर त्याच्या बाजूने साक्ष देण्यास आपण तयार आहोत काय, हेही प्रत्येकाने स्वतःस विचारावे.