विसाव्याचा दिवस कोणाच्या हातीं?

आमच्या मंडळींतील तरुण आम्हांस वारंवार एक प्रश्न विचारतात. "पाळकसाहेब, रविवारीं पाळी लागते, उपासनेस येतां येत नाहीं. आमच्या हातून चौथी आज्ञा मोडते काय?" विचारणारे बहुधा भिवंडीच्या भोंवतालच्या गोदामांत काम करणारे असतात. वडीलधारी माणसें त्यांस बोल लावितात. आणि बोल ऐकण्यापेक्षां न आलेलें बरें, असें समजून कित्येक दूर राहूं लागतात. एखादें मेंढरूं असें हळूहळू कळपांतून सुटतें. म्हणून ह्या प्रश्नाचा नीट विचार होणें अगत्याचें आहे.

प्रथम आज्ञेकडेच पाहूं. ती शास्त्रांत दोन ठिकाणीं दिली आहे. निर्गमाच्या २० व्या अध्यायांत तिचें कारण सृष्टीच्या उत्पत्तीवरून सांगितलें आहे: देवानें सहा दिवस काम केलें व सातव्या दिवशीं तो स्वस्थ राहिला. अनुवादाच्या ५ व्या अध्यायांत कारण निराळें आहे. तेथें इस्राएल लोकांस त्यांच्या मिसर देशांतील दास्याची आठवण दिली आहे. ज्यांस एके काळीं विसावा मिळत नव्हता, त्यांनीं दुसऱ्याचा विसावा हिरावून घेऊं नये, असा तिचा रोख आहे.

आतां ही आज्ञा कोणास उद्देशून आहे तें पाहावें. ज्याच्या घरीं दास व दासी आहेत, ज्याच्या दावणीस बैल आहे, ज्याच्या वेशीच्या आंत उपरी माणूस राहतो, त्यास ती केली आहे. अर्थात् जो काम सांगूं शकतो व थांबवूंहि शकतो, त्याच्यावर तिचा पहिला भार आहे. दासास आपण होऊन थांबतां येत नसतें. म्हणूनच धन्यास आज्ञा करावी लागली. हें लक्षांत घेतलें म्हणजे आमच्या तरुणांवर ठेवलेला दोष पुष्कळ हलका होतो, आणि तो दुसरीकडे जाऊं लागतो.

कोणीकडे जातो? आमच्या गांवाकडेच पाहा. भिवंडी हें मागांचें गांव. उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या मोमीन विणकरांनीं येथें हातमाग चालविले. पुढें त्यांची जागा यंत्रमागांनीं घेतली. आणि १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपानंतर पुष्कळ कापडाचें काम इकडे आलें. आज उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगण येथील माणसें ह्या मागांवर उभीं असतात. बारा तासांची पाळी, आणि मजुरी किती कापड निघालें त्यावर. ज्याची मजुरी वारावर मोजतात, त्यास विसाव्याचा प्रत्येक तास पदरचा द्यावा लागतो. १९४८ च्या कारखाना कायद्यानें आठवड्याची सुटी व ४८ तासांची मर्यादा घातली खरी. पण विजेवर चालणाऱ्या जागेंत दहाहून कमी कामगार असल्यास सामान्यतः तो कायदा लागू होत नसे, आणि येथें लहान लहान माग-घरेंच फार.

मागांच्या जोडीस गोदामें आलीं. मुंबई-नाशिक हमरस्त्याच्या आजूबाजूस, मानकोली, काल्हेर, पूर्णा ह्या बाजूंस, भाताच्या शेतांच्या जागीं मैलच्या मैल गोदामें उभीं आहेत. आपण खेड्यांत बसून रात्रीं मोबाईलवर बोट ठेवितों, आणि वस्तु दोन दिवसांत दारीं येते. ती कोणी तरी रातपाळीस फळीवरून काढली, कोणी बांधली, कोणी गाडींत चढविली. आपल्या घरीं दास नाहीं, दासी नाहीं, असें आपण समजतों. परंतु त्या बोटानें आपण ज्यास काम सांगितलें, तो आपल्या वेशीच्या आंतच आला नाहीं काय? भेद इतकाच कीं, जुन्या धन्यास आपला दास डोळ्यांपुढें थकलेला दिसे. आपणांस तो दिसत नाहीं.

येथें एक इतिहास सांगण्याजोगा आहे. मुंबईच्या गिरणी-कामगारांस रविवारची सुटी मिळाली, ती कोणा मिशनच्या खटपटीनें नव्हे. ठाण्यास १८४८ त जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुले यांचे सहकारी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक, यांनीं १८८४ त कामगारांची सभा स्थापिली. आठवड्यास एक सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, व पगार वेळेवर, ह्या त्यांच्या मागण्या. पुष्कळ वर्षें झगडल्यावर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. शास्त्रांतील आज्ञा पाठ म्हणणारे आपण, आणि ती दुसऱ्याकरितां मागून घेणारा एक सत्यशोधक! ह्यांत आपणांस लाज वाटण्यापेक्षां शिकण्यासारखें अधिक आहे.

कोणी म्हणेल, "आपण मागविणें थांबविलें, तर त्या मजुराची भाकर जाईल, मग विसावा घेऊन त्यानें काय करावें?" ही हरकत खोटी नाहीं. मार्च १९२० नव्हे, अगदीं अलीकडे, मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली तेव्हां भिवंडीचे माग एकदम बंद पडले. खडखडाट थांबला, पण तो शब्बाथ नव्हता. हजारों माणसें उपाशी पोटीं गांवाकडे निघालीं. मे महिन्याच्या आरंभीं भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपुरास खास गाडी सोडावी लागली. ज्या विश्रांतीच्या पाठीस भाकर नाहीं, ती विश्रांति नव्हे. रानांत इस्राएल लोकांस सहाव्या दिवशीं दुप्पट मान्ना मिळे, तो एवढ्याचसाठीं. तेव्हां प्रश्न काम बंद करण्याचा नसून, सहा दिवसांच्या कामांत सातव्या दिवसाची भाकर मिळावी, हा आहे.

मग आपल्या हातीं काय आहे? राज्याचा कायदा व मोठ्या व्यापाऱ्यांचे नियम एका मंडळीच्या हातीं नाहींत. त्यांविषयीं कामगारांच्या संघांनीं मागणी केली तर आपण त्यांस साह्य करावें. पण आपल्या घरचा दिवस आपल्या हातीं आहे. ज्यांच्या शेतावर गडी आहे, गाडीवर चालक आहे, घरीं भांडीं घासणारी बाई आहे, त्यांनीं आठवड्याचा एक दिवस मजुरी न कापतां मोकळा द्यावा. तो रविवारच असावा असा हट्ट नको. मुसलमान बंधूस शुक्रवार प्रिय असेल, तर शुक्रवार द्यावा. उपऱ्याचाहि आज्ञेंत उल्लेख आहे, हें विसरूं नये. जी वस्तु चार दिवसांनीं आली तरी चालेल, ती आजच आणा असा तगादा लावूं नये.

आणि मंडळींनीं आपल्या उपासनेची वेळ हें देवाचें विधान समजूं नये. जो रविवारीं येऊं शकत नाहीं, त्याच्यासाठीं बुधवारीं रात्रीं दोघे-तिघे जमले, तरी प्रभु त्यांच्यामध्यें येईल. मनुष्यासाठीं शब्बाथ झाला, असें ज्यानें शिकविलें, त्याच्या नांवानें थकलेल्यास बाहेर ठेवणें शोभत नाहीं.

तरुणांनो, तुमची पाळी हा तुमचा अपराध नव्हे. मात्र जो दिवस तुम्हांस मिळेल, तो देवापासून लपवूं नका. आणि वडीलहो, पुढल्या रविवारीं जी जागा रिकामी दिसेल, तिच्याविषयीं बोल लावण्यापूर्वीं तो आज कोणाचें काम करीत आहे, एवढें विचारा. कदाचित् तो आपलेंच काम करीत असेल.