चाळीसच्या आत

आयुष्यात मी पाळलेली वचने मोजायला एका हाताची बोटे पुरतात, आणि त्यांतलेही एक बोट पुढे मला दुमडावे लागले. त्या बोटाची ही हकिगत.

1984 साली मी स्कूटर घेतली. जुनी. नव्या स्कूटरसाठी त्या काळी नंबर लावावा लागे, आणि तो लागेपर्यंत लावणाऱ्याच्या डोक्यावरचे केस जात. त्यामुळे हातोहात मिळणारी वापरलेली स्कूटर कोऱ्या स्कूटरपेक्षा महाग विकली जाई, असा तो उलटा जमाना. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण जे घडले त्यात तिचा काही दोष नव्हता. स्कूटर डी. एन. नगरात आमच्या बिल्डिंगखाली आली. आईने तिला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवले आणि मी किक मारणार एवढ्यात म्हणाली, "थांब. चाळीसच्या वर न्यायची नाही. माझ्या गळ्याची शपथ घे."

मी घेतली. आणि सांगायला अभिमान वाटतो, म्हणजे वाटत असे, की चार वर्षे पाळली. गोखले पुलावरून पलीकडे जाऊन हायवेला लागलो की बोरिवलीला मावशीच्या घरापर्यंत रस्ता मोकळा असे. (आजच्या अंधेरीकराला ही परीकथा वाटेल.) मागे आई एका बाजूला पाय सोडून बसलेली, पुढे काटा चाळीसला टेकलेला आणि मध्ये मी, साक्षात संयम. ऑफिसात कोणी वेगाच्या बढाया मारू लागला की मी नुसता हसत असे. ते हसणे फार चीड आणणारे असावे.

एकदा गोरेगावजवळ चेंडूमागे धावत एक पोरगा थेट समोर आला. मी दोन्ही ब्रेक दाबले. स्कूटर त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबली. पोरगा चेंडू घेऊन पळाला. ही गोष्ट मी पुढे निदान पन्नास जणांना सांगितली, आणि दर वेळी शेवटचे वाक्य ठरलेले: "चाळीसच्या आत होतो, म्हणून वाचला बिचारा."

हे वाक्य पाठ झालेला माझा एक भाचा तेव्हा व्हीजेटीआयत शिकत होता. एका रविवारी तो मागे बसून आला आणि उतरल्यावर म्हणाला, "मामा, हे चाळीस वाटत नाहीत." मी म्हटले, वाटण्याचा प्रश्न नाही, काटा समोर आहे. तो म्हणाला, काट्यावर जाऊ नकोस.

मग त्याने मला जे समजावले ते ऐकून माझा यंत्रांवरचा विश्वास कायमचा उडाला. पुढच्या चाकाकडून एक केबल वर मीटरमध्ये येते. तिच्या टोकाला लोहचुंबक गरगर फिरतो. त्याच्यावर ॲल्युमिनियमची एक वाटी पालथी घातलेली असते, पण ती त्याला कुठेही चिकटलेली नसते. चुंबक फिरला की वाटीत वीज खेळते आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. एक केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो तुमचा वेग. ओटो शुल्झे नावाच्या जर्मन गृहस्थाने 1902 साली याचे पेटंट घेतले. थोडक्यात, चाक आणि काटा यांच्यामध्ये हवा आहे. काटा बोलतो ते ऐकीव माहितीवर! चुंबक म्हातारा होऊन त्याचा जोर ओसरला की काटा कमी बोलू लागतो. किलोमीटरचे आकडे मात्र दात्यांच्या चाकांवर फिरतात. ते प्रत्यक्षदर्शी साक्षीदार.

पुढच्या रविवारी पहाटे आम्ही साक्ष काढली. हायवेवर काटा चाळीसला धरून ठेवायचा आणि पाच किलोमीटरला किती वेळ लागतो ते बघायचे. साडेसात मिनिटे लागायला हवीत. भाच्याच्या हातात घड्याळ होते. पाचवा आकडा उलटला तेव्हा नेमकी सहा मिनिटे झाली होती.

"पन्नास," भाचा म्हणाला. त्याला फार आनंद झाला.

माझा पहिला विचार वकिली होता. आईने चाळीस म्हटले ते मीटरचे चाळीस. ते मी पाळले. माणसाने आपल्या समोरच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा? मग मला युधिष्ठिर आठवला. त्याचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटे वर चालत असे. त्याला स्पीडोमीटर बसवला असता तर चाक टेकत नसल्यामुळे काटा कायम शून्यावर राहिला असता, आणि धर्मराज घरी सांगत राहिला असता की मी हललोच नाही. पण 'नरो वा कुंजरो वा' करताना निदान त्याला ठाऊक तरी होते. मला ठाऊक नव्हते. अजाणता मोडलेले वचन मोडले म्हणायचे का? रात्री झोपेपर्यंत माझा निकाल 'नाही' असाच होता.

झोप लागली नाही ती त्या पोरामुळे. ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. चाळीसचा वर्ग सोळाशे, पन्नासचा पंचवीसशे, म्हणजे दीडपटीहून जास्त. पोरगा वाचला तो माझ्या संयमामुळे नव्हे. त्या वीतभरात माझे काहीच नव्हते. चेंडू एक टप्पा पुढे पडला असता तरी मी शपथेवर सांगितले असते की चाळीसच्या आत होतो, आणि ते सांगताना माझा आवाजही कापला नसता. हे मला अजून आवडत नाही.

खोट्यालाही दिशा असते. आमच्या घरातले घड्याळ पाच मिनिटे पुढे असे. सगळ्यांना माहीत, सगळे पाच वजा करत, आणि गाडी मिळे. स्पीडोमीटरबद्दलही संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांत 39 क्रमांकाचा एक नियम आहे. काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचे नाही. जास्त दाखवले तर चालेल. मोटारीला दहावा हिस्सा आणि वर चार किलोमीटर इतकी सूट आहे. म्हणजे खऱ्या चाळीसला काट्याने अठ्ठेचाळीस म्हटले तरी तो सभ्य. माझा काटा नेमका दुसऱ्या बाजूचा निघाला.

स्टेशनजवळ एक मीटर दुरुस्त करणारे चाचा बसत. रिक्षांचे मीटरही त्यांच्याकडेच येत. त्यांनी काच काढली, आत बघितले आणि विचारले, "साब, सच्चा चाहिए या घरवालों को अच्छा लगे ऐसा?" मी गप्प. ते म्हणाले, रिक्षावाल्याला मीटर पळणारा हवा असतो, स्कूटरवाल्याला झोपणारा. सच्चा मागणारा महिन्यातून एखादा येतो. मी म्हटले, सच्चा. त्यांनी चुंबकात पुन्हा जोर भरला, काटा काढून बसवला आणि माझ्याकडे जरा संशयानेच बघितले.

आता आईला सांगणे आले. खऱ्या चाळीसने गेलो तर ती म्हणणार, स्कूटरला काय झाले. नेहमीसारखा गेलो तर काटा पन्नास दाखवणार. शेवटी जेवताना सगळे सांगून टाकले, वर्गासकट. ती आमटी वाढत होती. म्हणाली, "मला कुठे मीटर दिसतंय? चष्मा पर्समध्ये असतो."

"मग तुला वेग कसा कळायचा?"

"पदर कानाशी फडफडायला लागला की मी तुझ्या खांद्याला चिमटा काढायची. तू हळू करायचास."

मला चार वर्षे वाटत होते की ते चिमटे खड्ड्यांचे आहेत.

"आणि तो पोरगा आला तेव्हा?"

"तेव्हा मी डोळे मिटले होते," आई म्हणाली आणि ताक आणायला आत गेली.

पुढच्या रविवारी बोरिवलीला निघालो. काटा नव्या तेजाने उभा. मी भीतीने पस्तिशीच्या पुढे गेलोच नाही. आईने एकही चिमटा काढला नाही. एका सायकलवाल्या दूधवाल्याने आमच्याकडे बराच वेळ वळून पाहिले. पोचलो तेव्हा मावशी जिन्यातच उभी होती.

"काय रे, पंक्चर झालं होतं का?"

"नाही गं," आई खाली उतरत म्हणाली, "मीटर दुरुस्त केलाय."