जपणे म्हणजे काय?

आपण वस्तू जपतो असे नेहमी म्हणतो. आईचा शालू जपतो, आजोबांचे घड्याळ जपतो, लग्नातली तांब्याची घंगाळे माळ्यावर जपून ठेवतो. परंतु जपणे म्हणजे नेमके काय करणे? वस्तू झिजू न देणे, की ज्या कामासाठी ती घडली त्या कामाला तिला लायक ठेवणे? आमच्या चंद्रपूरकडे मध्यंतरी ‘उत्तम जपलेली जुनी जोंगा विकणे आहे’ अशी जाहिरात पाहण्यात आली, आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

ज्या वाचकांनी जोंगा पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जपानच्या निसान कंपनीच्या ‘पॅट्रोल’ या गाडीवरून, परवाना घेऊन, जबलपूरच्या सरकारी वाहन कारखान्यात १९६९ पासून ही गाडी आपल्या सैन्यासाठी तयार होऊ लागली. तिचे नावही जबलपूरच्या शस्त्रसामग्री कारखान्यांच्या इंग्रजी नावांतली अक्षरे जुळवून केलेले. सहा सिलिंडरांचे, सुमारे चार लिटरचे इंजिन, चारही चाकांना जोर आणि साध्या जीपपेक्षा थोराड अंग. पेट्रोल पिण्याच्या बाबतीत मात्र तिचा हात फारच सैल! सैन्यातून निवृत्त झालेल्या जोंगा लिलावात निघाल्या आणि नागरिकांच्या अंगणात आल्या. आमच्याकडचे लोक तिलाही जीपगाडीच म्हणतात.

आमच्या मुलखात अशा गाडीला कधीच निव्वळ हौस मानले गेले नाही. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा नकाशावर पाहावा. दक्षिणेला प्राणहिता, इंद्रावती, आणि मधे सागवानाचे दाट रान. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पावसाळ्यात त्या भागाचा बाहेरच्या जगाशी संबंधच तुटत असे. आज रस्ते झाले, पूल झाले. तरी पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडची वाट बंद होते. अशा ठिकाणी चिखलातून चार चाकांनी ओढून निघणारी गाडी म्हणजे कुणाची बाळंतीण, कुणाचे धान्य, कुणाची शाळेची पुस्तके. तिच्या अंगावरचा प्रत्येक ओरखडा हा कुठल्या तरी वाटेचा हिशेब असतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राहिलेली गाडी असेल तर तिला ‘व्हिंटेज’ हा मान मिळतो. वीस हजार रुपये भरून दहा वर्षांची नोंदणी होते. पण एक अट आहे: अशा गाडीने रोजच्या कामासाठी रस्त्यावर यायचे नाही. प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतेच तिने बाहेर पडावे. दुसरीकडे, सरकारी खात्यांत राबणाऱ्या गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षे झाली की रद्द करायची, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. सैन्य आणि सुरक्षेच्या काही खास गाड्या तेवढ्या वगळल्या. म्हणजे जी राबली ती भंगारात आणि जी बसून राहिली ती मखरात! नियमामागची कारणे मला समजतात. जुन्या इंजिनाचा धूर वाईट, ब्रेकचा भरवसा कमी. अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचे तर चांगली रुग्णवाहिकाच हवी. तिथे जुन्या गाडीचे प्रेम कामाचे नाही. कायद्याचे काम कायद्याने करावे. परंतु मान कशाला द्यायचा, हे मात्र आपण आपल्या मनाशी ठरवायला हवे.

विदर्भातल्या मुलांना हा भेद न शिकवता कळतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. मुले लाकडाचे बैल सजवून मिरवतात. लाकडी बैल देखणा असतो, वर्षानुवर्षे टिकतो, त्याच्या मानेवर कधी जू चढत नाही. पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घरधनी हळद आणि तूप घेऊन गोठ्यात जातो, तो खऱ्या बैलाची खांदमळणी करायला. जुवाने जिथे घट्टे पडले, नेमक्या तिथेच त्याचा हात फिरतो. घट्टा लपवावा असे त्याला वाटत नाही. तो त्याला चोळून मऊ करतो, कारण पुढच्या हंगामालाही तोच खांदा लागायचा असतो. जपणे या शब्दाचा याहून चांगला अर्थ मला तरी सापडलेला नाही.

यावर कुणी म्हणेल, वापरली म्हणजे गाडीचे सुटे भाग बदलणार. मग ती मूळची गाडी कशी उरली? शंका फार जुनी आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते आणि शेवटी कळते, की सगळे भाग मिळून चालणाऱ्या व्यवहाराला आपण रथ हे नाव दिले आहे. जोंगाचेही तसेच समजावे. पाटे बदलले, कार्बोरेटर बदलला, हूड नवे शिवले. परंतु दर पावसाळ्यानंतर गंज खरवडणारा हात आणि आवाजावरून दुखणे ओळखणारा मिस्त्री, यांची साखळी तुटली नसेल तर गाडी तीच आहे. ती तुटली असेल, तर सगळे भाग मूळचे असूनही उरते ते फक्त लोखंड.

म्हणून विकणाऱ्यावर दोन कर्तव्ये येतात असे मला वाटते. पहिले, केलेली प्रत्येक दुरुस्ती गिऱ्हाइकाला सांगावी. ‘सगळे मूळचेच’ म्हटल्याने किंमत चढेल. पण ज्या जपणुकीची ती किंमत, तीच त्यात लपवली जाईल. दुसरे कर्तव्य अवघड आहे. समजा, दोन गिऱ्हाइके आली. एक शहरातला शौकीन, जास्त पैसे देणारा, गाडी काचेमागे ठेवणारा. दुसरा इथलाच, थोडे कमी देणारा, पण तिच्याखाली आडवा होऊन स्वतः नट आवळणारा. घरात मुलीचे लग्न किंवा आजारपण असेल आणि विकणारा पहिल्याकडे वळला, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कुणाला नाही. ते ओझे नसेल, तर मात्र त्याने त्या चार पैशांवर पाणी सोडावे. गाडी विकत घेता येते, पण ती जपण्याची सवय विकत मिळत नाही, आणि दुसऱ्याच्या हाताला ती आधीपासूनच आहे. शिवाय कधी गरज पडली, तर हाक मारायला मिस्त्रीही त्याच गावात असेल.