गप्प माणसाचे आम्ही काय करतो?

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरला झाला. घराणे गोव्याचे, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. आयुष्याची अखेरची तीसेक वर्षे मात्र दिल्लीत, निजामुद्दीन ईस्टमधल्या एका बरसातीत गेली. रस्त्यापलीकडे हजरत निजामुद्दीनचा दर्गा आणि मिर्झा गालिबची मजार आहे. आम्हा उर्दूवाल्यांना तो पत्ता तोंडपाठ. अलीकडे कोण राहत होते, याचा पत्ता मात्र आम्हाला फार उशिरा लागला.

गायतोंडे वर्षाला पाच-सहाच चित्रे काढीत. समारंभ टाळीत, चित्रांना नावे देत नसत. उर्दूत अशा माणसाला गोशानशीन म्हणतात, कोपरा धरून बसलेला. एवढ्याशा सामग्रीवर लोकांनी केवढी कहाणी रचली! कुणी म्हणे योगी, कुणी म्हणे घमेंडी, कुणाला ते नुसतेच विक्षिप्त वाटले. झेन विचार, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज यांच्याकडे त्यांचा ओढा होताच. त्यामुळे संत ठरवायला फारसे कष्ट पडले नाहीत. २००१ साली ते गेले. पुढे २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये आले आणि कहाणीचाही भाव वाढला.

या कहाणीत न बसणारी एक गोष्ट आहे. १९८४ साली त्यांना रस्त्यावर अपघात झाला, मानेला इजा झाली. त्यानंतर काही वर्षे मोठा कॅनव्हास हाती घेणे जमले नाही. त्या काळात त्यांनी कागदावर लहान चित्रे केली. दुरून पाहणाऱ्याने या खंडाला साधना म्हणावे, मौन म्हणावे. पण ते एका दुखावलेल्या शरीराचे थांबणे होते. दुसरी गोष्ट, त्यांचे दार सर्वांनाच बंद होते असेही नाही. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटच्या दिवसांत नसरीन मोहमदी या तरुण चित्रकर्तीला त्यांचे मार्गदर्शन लाभले. पुढे नसरीननेही आपल्या बहुतेक रेखाचित्रांना ना नाव दिले, ना तारीख घातली. मग तिच्याभोवतीही कहाण्या जमल्याच.

उर्दूत बदगुमानी असा एक शब्द आहे. पुराव्यावाचून एखाद्याविषयी वाईट धरून चालणे. आम्ही तो वर्गात शिकवतो. पण पुराव्यावाचून एखाद्याला वली करून ठेवणे, त्याला काय म्हणावे? आम्हाला तीही बदगुमानीच वाटते, फक्त अत्तर लावलेली. दोन्हींत आपली सुटका होते. माणसाकडे पाहावे लागत नाही, चित्राकडे तर नाहीच. गायतोंडे रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवीत, खरवडीत, पुन्हा चढवीत. आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेले त्यांना रुचत नसे. वस्तुनिरपेक्ष म्हणा, असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह समजून घ्यायला चित्रापुढे बराच वेळ उभे राहावे लागते. किस्से ऐकायला एक चहा पुरतो.

हे आम्ही कुणाला शिकवण्यासाठी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. मागच्या बाकावर बसे, विचारले तरी उत्तर देत नसे. शिक्षकांच्या खोलीत कुणी त्याला मठ्ठ म्हणे, कुणी आतल्या गाठीचा. आम्हाला तो कवी वाटे! एका सहकाऱ्याशी आम्ही त्यावरून वादही घातला आणि आपण मुलाची बाजू घेतली म्हणून खूशही झालो. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकावर मात्र लिहिले, ‘विचारांत हरवलेला असतो, वर्गात लक्ष नाही.’

शाळेत आरोग्य तपासणी झाली तेव्हा कळले की त्याला उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि आमचे टेबल त्याच्या उजव्या हाताला होते.

वार्षिक परीक्षेच्या वेळी आम्ही शेऱ्याचा रकाना कोरा सोडला. काय लिहावे हेच सुचेना. मुख्याध्यापकांनी पुस्तक परत पाठवले, रकाना भरून द्या म्हणून. मग लिहिले, ‘उजव्या कानाने कमी ऐकू येते. पुढच्या वर्गशिक्षकांनी पहिल्या बाकावर, उजवीकडच्या टोकाला बसवावे.’