कुऱ्हाड कोणीच लावली नाही

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भक्तहो, दत्तजयंतीच्या अंकात लिहायचं म्हणजे खरं तर महाराजांच्या कृपेचा एखादा अनुभव सांगायचा. माझ्याकडे तसा चमत्काराचा अनुभव नाही. माझ्याकडे आहे एक चूक, आणि त्या चुकीवर माझ्या बारा वर्षांच्या नातवाने विचारलेला एक प्रश्न. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

आम्ही वळचे. भिवंडी तालुक्यातलं आमचं गाव आज साऱ्या मुंबईला ठाऊक आहे, पण ते भातासाठी नाही, गोदामांसाठी. मुंबई जवळ, महामार्ग जवळ, आणि ग्रामपंचायतीची हद्द असल्यामुळे त्या काळी शहरासारखी जकात नाही. म्हणून वळ, पूर्णा, राहनाळ, दापोडे, मानकोली, जिकडे बघाल तिकडे भाताच्या खाचरांवर पत्र्याची छपरं चढली. पूर्वी आमच्याकडे आवणीच्या दिवसांत रस्त्याला माणूस दिसत नसे, सगळं गाव चिखलात. आता चोवीस तास कंटेनरची रांग.

आमचीही दीड एकर जमीन होती. 2009 साली मी ती विकली. कोणी जबरदस्ती केली नाही. मुलाचं शिक्षण होतं, मुलीचं लग्न होतं, आणि भातात काही उरत नव्हतं, हे खरंच आहे. पण त्या जमिनीच्या बांधावर एक जुना उंबर होता. माझे वडील दर गुरुवारी त्याच्या बुंध्याशी दिवा लावत. जाताना मला म्हणाले होते, "जमीन तुझी हाय, काय करायचं ते कर. उंबराला मातर हात लावू नको."

मी खरेदीदाराला ते सांगितलं. तो भला माणूस, हात जोडून म्हणाला, "काका, महाराजांचं झाड आहे, आम्ही कशाला तोडू?" आणि त्याने शब्द पाळला. उंबराला कोणी कुऱ्हाड लावली नाही. फक्त जमीन रस्त्याच्या पातळीला आणायची म्हणून मुरूम-मातीचा भराव टाकला. झाडाचा बुंधा चार फूट गाडला गेला. मुळांनाही हवा लागते, हे शेतकरी असून मला सुचलं नाही, किंवा सुचवून घेतलं नाही. दोन पावसाळे उंबर पिवळी पानं गाळत उभा राहिला. तिसऱ्या वर्षी नुसता सांगाडा. मग एका वादळात तो पडला आणि लाकूड कोणीतरी घेऊन गेलं.

मी घरी सांगितलं, "झाड वाळलं." झाड मारलं, असं कोणीच म्हटलं नाही, कारण मारणारा कोणी नव्हताच. खरेदीदाराने तोडलं नाही, ट्रकवाल्याने त्याला सांगितलं तिथे माती ओतली, आणि मी तर "हात लावू नका" म्हणूनच बसलो होतो.

आता दुसरी गोष्ट. गेल्या वर्षी आमच्या सूनबाईने घरात काही नवे नियम लावले. पहिला नियम दुधाच्या पिशवीचा. पिशवी फोडताना कोपरा पूर्ण कापून टाकायचा नाही, चिरून तसाच पिशवीला लटकता ठेवायचा. का? तर रिकामी पिशवी धुऊन भंगारात जाते, तिचं पुन्हा काहीतरी होतं. पण तो नखाएवढा तुकडा कोणी वेचत नाही. तो मोरीतून गटारात, गटारातून खाडीत. आमच्याकडे रोज दोन पिशव्या दूध लागतं. म्हणजे वर्षाला 730 तुकडे. गल्लीत शंभर घरं धरली, तर 73,000.

मला हे पटलं. मी रोज सकाळी चहाच्या वेळी मोठ्या निगुतीने पिशवी चिरू लागलो. एकदा तुकडा सुटून खाली पडला, तर मी वाकून तो शोधत होतो. नातू बघत होता. म्हणाला, "आजोबा, तुम्ही एवढी मोठी जमीन विकलीत, तिथला उंबर मेला, आणि आता एवढासा कोपरा शोधताय?"

सूनबाई त्याच्यावर ओरडली. मी म्हटलं, "ओरडू नको गं, बरोबर विचारतोय तो."

त्या दिवशी पूजेला बसलो तरी मन लागेना. पोराच्या प्रश्नात दोन प्रश्न होते. एक, इतकं मोठं नुकसान होत असताना माझ्या छोट्या सवयीने काय होणार? आणि दुसरा, जो जास्त बोचला तो असा की ही छोटी सवय म्हणजे माझ्या मोठ्या चुकीवर घातलेलं पांघरूण तर नाही?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आणि कडू आहे. हो, पांघरूण होऊ शकतं. आपण पाप-पुण्याची वही वाण्याच्या वहीसारखी ठेवतो. इकडे दीड एकर खर्ची टाकायचं आणि तिकडे 730 तुकडे जमेला मांडून हिशेब मिटवायचा. असा हिशेब मिटत नाही. मेलेला उंबर पिशवीच्या कोपऱ्याने उभा राहत नाही. ज्याला या छोट्या सवयींमुळे स्वतःबद्दल फार बरं वाटायला लागलं, त्याने थोडं सावध राहावं, असं मी आता स्वतःलाच बजावतो.

मग त्या सवयी कशाला? यासाठी मी अवधूताकडे गेलो. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. आपली परंपरा त्या अवधूतांना श्रीदत्तात्रेयच मानते. नाथांनी याच स्कंधावर टीका लिहिली आणि 1573 साली काशीत ती पूर्ण केली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ती आहे. त्या चोवीस गुरूंची यादी पाहा. त्यात कोणी ऋषी नाही, चक्रवर्ती राजा नाही. आहेत ते पृथ्वी, पाणी, कबुतर, मधमाशी, कोळी, बाण करणारा कारागीर, कांडण करणारी एक कुमारिका. एरवी ज्यांच्याकडे कोणी बघणार नाही, त्यांच्याकडे अवधूतांनी बघितलं, आणि त्या बघण्यातूनच शिष्यत्व सुरू झालं.

पहिला गुरू पृथ्वी. तिच्यापासून क्षमा शिकावी, असं सांगितलं आहे. आपण मात्र उलटं शिकलो. धरणीमाता सोसते ना, मग टाका तिच्यावर! गुरू क्षमाशील आहे म्हणून शिष्याने रोज त्याचा अंत पाहावा, याला शिष्यत्व म्हणत नाहीत. ती सोसते, हे तिचं मोठेपण आहे. आपल्याला त्यातून परवानगी मिळत नाही.

मधमाशीचा दृष्टान्त तर आमच्या गावासाठीच सांगितला असावा असं वाटतं. फुलाला न दुखवता थोडं थोडं घ्यावं, हीच मधुकरी. गाणगापुरात आजही ती परंपरा आहे, आणि स्वतः महाराज तिथे दुपारी भिक्षेला येतात ही आपली श्रद्धा आहे. पण तीच माशी साठवत बसली, तर साठ्यासकट नष्ट होते, हेही अवधूत सांगतात. आमच्या दारात मैलोन्‌मैल साठा उभा आहे. मी गोदामांना शिव्या देत नाही. गावातल्या कितीतरी पोरांची चूल त्यांच्यावर पेटते, आणि त्यात ठेवलेलं सामान आपल्याच घरी येतं. खोक्यात खोकं, त्यात फुगे भरलेलं प्लास्टिक, आणि आत एक मोबाइलचं कव्हर. मागवणारे आपणच. साठा त्यांचा असला तरी हाव आपली आहे.

आता पहिला प्रश्न, छोट्या सवयीने काय होणार? मला वाटतं, उत्तर त्या उंबरातच आहे. उंबर कसा मेला? कोणी एकाने मारला नाही म्हणून मेला. प्रत्येकाने आपल्या वाट्याचं थोडंसं केलं आणि कर्ता कोणीच झाला नाही. आजचं मोठं नुकसान सगळं असंच होतं. नदी कोणी मारत नाही, फक्त घरोघरी मोरीत काहीतरी ओतलं जातं आणि कारखान्याकारखान्यातून काहीतरी सोडलं जातं. आमची कामवारी पाहा. नरसोबावाडीला दक्षिणद्वार सोहळा होतो, तेव्हा कृष्णामाई स्वतः पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दाराने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करायला आपण धावतो. पण वाडीला कृष्णेला मिळणारी पंचगंगा आधी कोल्हापूर, इचलकरंजीवरून येते. इचलकरंजीही आपल्या भिवंडीसारखंच मागांचं गाव. पंचगंगेतल्या मेलेल्या माशांचे फोटो पेपरात आपण पाहिलेत. महाराजांच्या पादुकांना आपण कोणत्या पाण्याने स्नान घालतोय, याला जबाबदार कोण, असं विचारलं तर कोणीच पुढे येणार नाही.

शास्त्र सांगतं, कर्तेपणाचा अभिमान सोडा. आपण तो सोडतो, पण कुठे? देवळात दिलेल्या पंख्याच्या पात्यावर आपलं नाव ठळक असतं. मोरीतून गेलेल्या तुकड्यावर मात्र नाव नको असतं. चांगल्याचं कर्तेपण घट्ट धरायचं आणि वाईटाचं दैवावर, सरकारवर, शेजाऱ्यावर सोडायचं, याला वैराग्य कसं म्हणावं?

म्हणून मी असं समजतो, की दुधाच्या पिशवीचा कोपरा जपण्याने खाडी वाचणार नाही, पण "हा तुकडा माझा आहे" हे मी रोज सकाळी कबूल करतो. आधी ही कबुली. ती रोज दिली की मोठ्या गोष्टीच्या वेळी डोळे मिटणं कठीण जातं. 2009 साली मला ही सवय असती, तर भरावाचा पहिला ट्रक आला तेव्हा मी बांधावर जाऊन उभा राहिलो असतो आणि बुंध्याभोवती कठडा बांधून घेतला असता. जमीन गेली असती, पण उंबर राहिला असता.

आमच्या घरी आता काय चालतं, ते थोडक्यात सांगतो. यात नवीन फार कमी, जुनंच जास्त आहे. ओला कचरा, सुका कचरा आणि घातक कचरा वेगळा ठेवतो. 2016 च्या नियमांतही तसंच सांगितलं होतं. तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतत नाही. देवघरातला नळ ठिबकत होता, त्याखाली रात्री बादली ठेवली, तर सकाळी सात लिटर पाणी. वर्षाचा हिशेब केला, तर अडीच हजार लिटरच्या वर. वायसर बदलायला दहा रुपये लागले. पाण्याच्या बाबतीत माझी आई म्हणायची, "पोरा, पानी शेजाऱ्याकडून उसनं आनलंय असं समजून वापर." ओसरीवरचा साठ वॉटचा जुना दिवा काढून नऊ वॉटचा लावला. रोज पाच तासांचा हिशेब धरला, तर वर्षाला नव्वद युनिटांच्या वर वीज वाचते. फुलांचं निर्माल्य पिशवीत बांधून खाडीत सोडण्याचं बंद केलं. माठाच्या फुटक्या बुडात सुकी पानं, माती, थोडं ताक घालून ते कुजवतो. तीन महिन्यांत खत होतं, तुळशीला जातं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. शिळी पोळी, भाजीची देठं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून उकिरड्यावर टाकू नका. गाईला गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट खाते, आणि तिचं पोट त्या पिशव्यांनी भरतं. महाराजांच्या तसबिरीत त्यांच्या मागे गाय उभी आहे. तिला आपण पृथ्वीचं रूप म्हणतो. गुरुवारी तिला हार घालायचा आणि शुक्रवारी पिशवी खायला घालायची?

उत्सवाच्या महाप्रसादाला पाण्याचे प्लास्टिकचे ग्लास आणि थर्माकोलच्या पत्रावळी राज्यात 2018 पासूनच बंद आहेत, तरी त्या कुठून तरी येतातच. प्रत्येकाने घरून एक ताट आणि एक पेला आणला, तर सेवेकऱ्यांचं काम थोडं वाढेल, पण दुसऱ्या दिवशी पटांगण बघवेल.

राहता राहिला नातवाचा प्रश्न. आमची घरालगतची अकरा गुंठे जागा अजून आहे. यंदा श्रावणात तिला गिऱ्हाईक आलं. भाव ऐकून मुलाचे डोळे चमकले, खोटं कशाला बोलू, माझेही. मी नाही म्हटलं. मुलगा आठवडाभर नीट बोलला नाही. त्याचंही चुकत नाही, त्याला त्याच्या पोरांचं बघायचंय. मी त्याला एवढंच सांगितलं, "माझ्यामागे ती तुझी आहे. विकलीस तरी मी अडवायला नसेन. पण विकशील तेव्हा मी विकतोय असं म्हण. गेली असं म्हणू नको."

त्या जागेत आषाढात नातवाने आणि मी उंबराचं एक रोप लावलं. पक्ष्याने कुठेतरी टाकलेल्या बीचं, भिंतीच्या भेगेत उगवलेलं रोप अलगद काढून आणलं होतं. गुडघ्याएवढं झालंय. त्याच्याभोवती आम्ही विटांचं आळं केलंय, म्हणजे उद्या कोणी माती टाकायला आलं, तर त्याला आधी आळं दिसेल. येत्या मार्गशीर्ष पौर्णिमेला वडिलांचा दिवा तिथे लावणार आहे. तो त्या जुन्या उंबराची क्षमा मागण्यासाठी आहे. क्षमा करायची की नाही, ते पृथ्वीने ठरवावं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!