अर्ध्या वाट्याची गोष्ट

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे इंग्लंड. चाच्याने पुरलेल्या खजिन्याच्या नकाशाचा अर्धा तुकडा तिच्याकडे, अर्धा त्याच्याकडे. दोघांचे हाडवैर, पण एकमेकांवाचून दोघांचेही अडलेले. इंग्रजी ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांत ही मांडणी चांगलीच रुळलेली आहे. वादळ कधी येणार आणि चुंबन कधी, याचा वाचकाला अंदाज असतो. तरी आपण वाचतो, आणि मजेत वाचतो. खजिना सापडतो, लग्न ठरते, पुस्तक संपते. माझी शंका मात्र तिथून पुढे सुरू होते. त्या खजिन्यातला तिचा अर्धा वाटा लग्नानंतर कुणाचा?

त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यात याचे उत्तर सरळ होते: नवऱ्याचा. विवाहित स्त्रीला कायद्याच्या लेखी वेगळे अस्तित्वच नव्हते. तिची रोकड, सोनेनाणे, सगळी जंगम मालमत्ता लग्न लागताच नवऱ्याची होई. त्याने ती विकावी, उधळावी, जुगारात घालवावी. तिला विचारण्याची गरज नसे. श्रीमंत बाप लग्नाआधी विश्वस्त नेमून लेकीपुरती पळवाट काढत. पण नकाशा घेऊन एकटीच घराबाहेर पडलेल्या नायिकेला असा तालेवार बाप कुठला असायला? (आपल्याकडे निदान धर्मशास्त्राच्या पोथीत तरी स्त्रीधन होते. ते किती बायकांच्या हाती राहिले, हा प्रश्न वेगळा.)

म्हणजे ती त्याची प्रतिस्पर्धी आहे तोवर अर्ध्याची धनीण आहे, आणि ‘हो’ म्हणाली की निर्धन. कादंबरीकार वैराला अडथळा मानतात आणि लग्नाला बक्षीस. मला ते उलटे वाटते. त्या वैरातच तिची पत होती. तो तिच्याशी घासाघीस करतो, तिच्यावर नजर ठेवतो, तिच्या तुकड्याची किंमत जाणतो. कायदा तिला कधीच देणार नव्हता ती बरोबरी हा शत्रू तिला रोज देत असतो. या कादंबऱ्यांचा मधला भाग शेवटापेक्षा नेहमी रंगतो, तो मला वाटते याचमुळे.

खुद्द चाचे या बाबतीत जास्त व्यवहारी होते. १७२२ मध्ये मारल्या गेलेल्या बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावरची कलमे दोनच वर्षांनी छापून आली. कप्तानाला दोन वाटे, तोफांच्या प्रमुखाला दीड. हात किंवा पाय गमावला तर सामायिक पैशातून ८०० डॉलर. आणि महत्त्वाच्या प्रश्नांवर प्रत्येकाला मत. वाटणी आधी ठरे, लूट नंतर होई. प्रेमिकांना एवढेही सुचत नाही.

चाच्यांचे गोडवे गाण्याचा मात्र हेतू नाही. १६९५ मध्ये हेन्री एव्हरीने औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटले, तेव्हा त्यावर मक्केहून सुरतेला परतणारे यात्रेकरू होते. पुरुषांचा छळ झाला, बायकांवर अत्याचार झाले. एव्हरी कधीच सापडला नाही. लुटीची वाटणी कितीही चोख असली, तरी माल दुसऱ्याचा होता. कादंबऱ्यांत तर पेटी उघडताना तिच्या मूळ धन्याची आठवणही कुणाला होत नाही. नायिकेची तक्रार मी लिहून घेतो, पण त्या यात्रेकरूंची तक्रार तिच्याआधी नोंदवायला हवी.

विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा पुरेसा हक्क देणारा इंग्लंडचा कायदा १ जानेवारी १८८३ पासून अमलात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ पुस्तकरूपाने निघाली. पुरलेल्या खजिन्याच्या नकाशाचे वेड खरे लावले ते तिने. तिच्यात प्रेमकथा नाही आणि बायकाही जवळजवळ नाहीत. लक्षात राहणारी एकच: कथानायक जिमची आई, खाणावळवाली, नुकतीच विधवा झालेली. स्वतःच्या नावे पैसा बाळगण्याची मुभा त्या काळी विधवेला होती. मेलेल्या खलाशाची पेटी ती उघडते, आणि चाचे दाराशी येण्याच्या बेतात असतानाही त्याच्याकडून येणे असलेली रक्कम तेवढीच मोजत बसते. वर एक पै नको आणि एक पै कमीही नको. मोजणी अर्धवट टाकून पळावे लागते, तेव्हा राहिलेल्या बाकीपोटी जिम पेटीतले एक पुडके उचलतो. नकाशा त्या पुडक्यात होता.